मामांची दुपारची जागा

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. मामांच्या डाव्या जबड्यात तीन दात नाहीत. ते कसे गेले हे आम्हा घरच्यांना माहीत आहे, आणि आता तुम्हालाही कळेल.

मंगळवार होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. रखरखीत ऊन.

मामांचं ट्रकच्या टायरचं दुकान होतं. वर पत्रे, समोर हमरस्ता. भागीदार होता त्यांचा जुना दोस्त, सगळे त्याला लंबू म्हणायचे. वीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले.

त्या दिवशी मात्र दोघांचं वाजलं.

मामांना मूल नाही. लंबूनं चार ड्रायव्हरांसमोर त्यावरून एक घाणेरडा विनोद केला. ड्रायव्हर हसले. मामांनी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. लंबूनं मामांना भिंतीवर आदळलं. ओठ फाटले, शर्ट फाटले. ड्रायव्हरांनी कसंबसं सोडवलं आणि ते आपापल्या गाड्यांकडे गेले.

मग दोघं न बोलता कामाला लागले.

ट्रकच्या चाकावर टायर धरून ठेवायला एक पोलादी कडं असतं. रिंग म्हणतात त्याला. ती खाचेत नीट न बसवता हवा भरली, तर ती तोफगोळ्यासारखी सुटते.

लंबू चाकासमोर उकिडवा बसून हवा भरत होता. फुस्सऽऽ... फुस्सऽऽ...

रिंग एका बाजूनं बोटभर वर आली होती.

लंबूचं लक्ष नव्हतं. तो फाटलेला ओठ पुसत होता.

मामांना ती दिसली.

पाच पावलांवर उभे होते ते. "थांब" एवढा एकच शब्द पुरला असता.

मामांनी तोंड फिरवलं.

आवाज असा झाला की पलीकडच्या दुकानातल्या काचा फुटल्या. रिंग लंबूच्या हनुवटीखाली लागली आणि वर गेली. मामांनी वळून पाहिलं तेव्हा जबडा जागेवर नव्हता. पत्र्यांवरून रक्त ठिबकत होतं.

पोलीस आले. अपघात म्हणून नोंद झाली. मामांनी खांदा दिला. लंबूच्या बायकोनं, वहिनींनी, मामांचे हात धरून विचारलं, "भाऊजी, शेवटी काही बोलला का तो?"

मामा म्हणाले, "नाही."

बाराव्या दिवशी मामा जेवायला बसले होते. मामी वाढत होत्या.

तेवढ्यात...

फुस्सऽऽ...

मामींनी जाऊन गॅस तपासला. बंद होता.

आवाज वाढत गेला. खोलीभर झाला. मग एकदम थांबला.

आणि मामांच्या जबड्यावर घाव बसला. खुर्चीसकट ते मागे कोसळले. ताटात एक दात पडला होता.

खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. वेळकाळ नाही. आधी हवा भरल्याचा आवाज, मग शांतता, मग घाव. कधी आरसा फुटायचा, कधी कपाटाचं दार मधोमध चिरायचं. मामांचे आणखी दोन दात गेले. एके सकाळी मामी कपडे वाळत घालत असताना आवाज आला, थांबला, आणि मामींचं मनगट काटकीसारखं मोडलं.

प्लास्टर घातलेल्या हातानं मामींनी बॅग भरली.

"तुम्ही काय केलंय, ते मला सांगा," त्या म्हणाल्या.

मामांना सांगता आलं नाही. मामी माहेरी गेल्या त्या गेल्याच.

मामांनी दुकान बंद केलं. घरात बसवेना, बाहेर फिरवेना. एका दुपारी रस्त्यावरच कानामागे तो आवाज सुरू झाला. मामा धावत सुटले. मागच्या गल्लीत शाळेच्या भिंतीला लागून छोटी मशीद आहे. मामा तिथे फक्त कुणाच्या जनाज्याला जायचे. तेही मागच्या रांगेत, घड्याळाकडे बघत.

दार उघडं होतं. मामांनी चपला काढल्या की नाही, त्यांना आठवत नाही. उंबरठा ओलांडला...

आणि आवाज तुटला.

आत कुणी नव्हतं. पंखा हळू फिरत होता. हिरव्या खिडकीतून चटईवर ऊन पडलं होतं. मामांना स्वतःचा श्वास ऐकू आला, कित्येक दिवसांनी. ते भिंतीला टेकून बसले आणि तिथेच झोपले.

झाडलोट करणाऱ्या चाचांनी त्यांना उठवलं. "उठा, नमाजची वेळ झाली. हातपाय-तोंड धुऊन वुजू करून घ्या."

त्या दिवसापासून मामा रोज दोन ते चार तिथे बसू लागले. तेवढे दोन तास कुणी त्यांना हात लावत नव्हतं. बाहेर पडले की पुन्हा होतंच. पण त्या दोन तासांवर ते बाकीचे बावीस तास काढत होते.

दीड महिना गेला. एक दिवस चाचा चटई झाडता झाडता थांबले.

"राग मानू नका," ते म्हणाले, "पण कामावरून येताना पाय धुऊन येत जा."

"मी कामाला जातच नाही, चाचा."

चाचांनी बोट दाखवलं. मामांच्या शेजारची जागा...

चटईवर ग्रीसचे दोन काळे डाग होते. गुडघे टेकल्यासारखे.

मामांनी तिथेच सगळं सांगून टाकलं. रिंग दिसली होती, तोंड फिरवलं होतं, सगळं.

चाचा मामांसमोर खाली बसले. मग म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांचं माणूस गेलं, त्यांना सांगा."

मामा तडक वहिनींकडे गेले. उंबऱ्यातच उभं राहून बोलले.

वहिनींनी शांतपणे ऐकलं. मग दारामागचा लाकडी अडसर उचलला.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा बरगड्यांवर. मामा खाली पडले तरी त्या मारत राहिल्या. मामांनी हात वर केला नाही. दोन बरगड्या मोडल्या. शेवटी वहिनींचे हातच गळून गेले. त्या भिंतीशी बसल्या, धापा टाकत.

"तू मशिदीत जातोस का?" त्यांनी विचारलं. 'भाऊजी' आणि 'तुम्ही', दोन्ही संपलं होतं.

मामा चमकले. त्यांनी तर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"दुपारी दोन ते चार?"

मामांनी मान हलवली.

वहिनींनी पदर बाजूला केला. खांद्यापासून कोपरापर्यंत हात काळानिळा होता. "मलाही सोडत नाही तो. माझा काय गुन्हा, ते मला माहीत नाही. पण दीड महिना झाला, दोन ते चार या घरात आवाज येत नाही."

मामा बरगड्या धरून उठून बसले.

"तू बसतोस तेव्हा तोही कुठेतरी बसत असेल," वहिनी म्हणाल्या. "आता रोज जायचं. मरेपर्यंत. माफी मागू नकोस, ती मी देणार नाही."

त्या संध्याकाळी तो आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन्ही घरं शांत झाली. पण मामांनी दोन ते चारची बैठक मोडली नाही.

पुढच्या वर्षी एकदाच मोडली. ताप एकशे चारवर गेला होता, शुद्ध नव्हती. त्या दुपारी शेजाऱ्यांनी वहिनींचं दार तोडलं. आतून कडी होती. वहिनी रक्तात पडल्या होत्या, जबडा तीन ठिकाणी मोडलेला.

त्या वाचल्या. बोलणं तेवढं बोबडं झालं.

याला सोळा वर्षं झाली. मामा आता सत्तरीला आलेत. त्यांचं सगळं मीच बघतो. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागेल, आठवडाभर इस्पितळात. नाही केली तर फार दिवस नाहीत.

मी मामांना म्हटलं, "तेवढे दिवस मी जाऊन बसतो ना."

मामा म्हणाले, "आधी करून बघू."

ते बाहेर पायरीवर बसले. मी आत गेलो. दोन वाजले. खरं सांगतो, इतकं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. पंख्याची घरघर, थंड चटई, डोळे आपोआप मिटले...

मग पायरीवर मामांचा फोन वाजला.

वहिनींचा होता. सोळा वर्षांत त्यांनी कधी फोन केला नव्हता.

मागे फुस्सऽऽ चालू होतं. बोबड्या आवाजात त्यांनी एवढंच विचारलं, "आज तिथे दुसरं कोण बसलंय?"

मामा अनवाणी आत धावले. मला दंडाला धरून उठवलं आणि माझ्या जागी बसले. छाती धरून, घामानं निथळत. फोन चालूच होता. थोड्या वेळानं पलीकडचं फुस्सऽऽ विरलं आणि वहिनींचा श्वास ऐकू आला. मग त्यांनी फोन ठेवला.

सोमवारची तारीख मिळाली आहे. मामा म्हणतात, रद्द कर.

इस्पितळाचा नंबर समोर लिहून ठेवलाय. मी अजून फोन केलेला नाही.