टायमर संपेपर्यंत

बोनची, म्हणजे पितरांच्या सणाची सुट्टी लागायच्या तोंडावर कुणी नवं काम घेऊन आलं की नेगिशीच्या कपाळावर आठ्या चढत. डोंगरातल्या त्या गावात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान एकच, त्याचं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. वर्षातून एकदा मेलेली माणसं आपापल्या घरी येत, आणि नेमक्या त्याच दिवसांत जिवंत माणसांच्या गाड्यांना काय काय आठवायचं. कुणाचा एसी गार लागत नसे, कुणाचा हॉर्न अडकून बसे.

तोमिएबाई हागिवारांची गाडी मात्र ओरडत आली.

म्हणजे येईपर्यंत गप्प होती. दुकानासमोर थांबवून, चावी काढून, बुडाखालची उशी नीट करून बाई उतरल्या, हातातला रिमोट दाबला, आणि त्या चंदेरी, बुटक्या, दोन दारांच्या गाडीने असा गळा काढला की समोरच्या तारेवरचे कावळे उडाले. पाठोपाठ इंजिन धाडकन बंद पडलं.

"बघा," बाई म्हणाल्या. "रोज ही अशी. शेजारचे म्हातारे तोंडाने काही बोलत नाहीत, पण पडदा सारून बघतात हो."

नेगिशी हसला. गाडी त्याच्या चांगल्याच ओळखीची होती. बाईंच्या मुलाची, कोहेईची. तिच्यातला टर्बो टायमर कोहेईने याच दुकानात, याच दिव्याखाली, नेगिशीची पक्कड उसनी घेऊन बसवला होता. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा फुंकणारा पंखा, घाट चढून आला की लालबुंद होतो, इंजिन तसंच बंद केलं तर आतलं तेल जळतं. म्हणून हा टायमर, चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा. माणूस उतरून जातो आणि गाडी मागे एकटीच धापा टाकत उभी राहते.

"आणि हा अलार्म कुणी बसवला?"

"धाकट्या दिराने. असल्या गाड्या हल्ली चोरीला जातात म्हणे."

"जातात खऱ्या. पण बसवताना त्याने या दोघांची ओळखच करून दिली नाही." नेगिशीने डॅशबोर्डखाली डोकं घातलं. "टायमर म्हणतो, मालक गेला, मी जरा इंजिन चालवतो. अलार्म म्हणतो, मालक गेला तर मग इंजिन चालवतंय कोण? चोर! लागला बोंबलायला."

"मग करून द्या ना ओळख."

"एक वायर ओढली की झालं."

तोमिएबाई लगेच निघाल्या नाहीत. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत त्या उभ्या राहिल्या. "एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "इंजिन चालू आहे तोवर दारं लॉक व्हायला नकोत. ते बंद पडलं की मग खुशाल होऊ देत."

नेगिशीने डोकं बाहेर काढलं.

"उद्या मी कबरीवरून कोहेईला आणायला जाणार," बाईंनी सरळ सांगितलं, किराणा आणायला जाणार म्हणावं तसं. "लोक काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा ठेवतात पितरांना यायला. आमच्या पोराला घोडा कशाला? त्याची गाडी आहे ना दारात. दर वर्षी त्याला शेजारी बसवते, घरी आणते. मी पुढे होते, आणि तो इंजिन थांबलं की येतो. जिवंत होता तेव्हाही तसाच होता. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, नूडल्स भिजून लगदा होतायत, पण टायमर संपेपर्यंत हा गाडीतून हलायचा नाही."

"आणि मध्येच दारं लॉक झाली तर..." एवढं बोलून त्या थांबल्या.

पुढचं बोलायची गरज नव्हती. गॅस कंपनीच्या पांढऱ्या छोट्या व्हॅनसकट कोहेई धरणात गेला होता, ते अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं. व्हॅन वर काढली तेव्हा त्याचे दोन्ही हात दाराच्या हँडलवर घट्ट आवळलेले होते. दार उघडलं नव्हतं.

"कळलं," नेगिशी म्हणाला. "उद्या दुपारी घेऊन जा."

बाई गेल्या आणि तो कामाला लागला. बाईंना हवं होतं ते सोपं होतं. टायमर संपेपर्यंत अलार्मला झोपवून ठेवायचं, मग जागं करायचं. पण नेगिशीचा हात त्या वायरवर अडला. चालू इंजिन, उघडी दारं, आणि मालकीण घरात देवघरासमोर बसलेली. चोराला आणखी काय पाहिजे? त्याच्या हातून असलं अर्धवट काम गेलं आणि गाडी चोरीला गेली, तर दीर कुणाचं नाव घेणार? नेगिशीला लोकांच्या दुःखाबद्दल आदर होता, पण आपल्या सोल्डरिंगबद्दल त्याहून जास्त होता, हे त्याची बायको फुमिए त्याला तोंडावर सांगत असे. त्याने टायमरची वायर अशी जोडली की अलार्मला कळावं, इंजिन चालू आहे ते टायमरमुळे, चोरामुळे नव्हे, तू आपलं काम कर. आता रिमोट दाबला की इंजिन चालू असतानाच दारं लॉक होणार होती आणि आतल्या हालचालीवर अलार्मचा पहारा बसणार होता. काम नामी झालं होतं. बाईंना यातला फरक कुठे कळणार, असं म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी चावी त्यांच्या हातात दिली.

"मी म्हटलं तसंच ना?"

"अगदी तसंच," नेगिशी म्हणाला.

त्या दिवशी संध्याकाळी डोंगराच्या अंगावर ठिकठिकाणी कंदील हलत होते. लोक कबरींवरून परतत होते. काही म्हातारे अजूनही जुन्या रीतीने, पाठीमागे हात बांधून, वाकून चालत होते, पाठुंगळी कुणीतरी बसलेलं असावं तसे. नेगिशी शटर ओढत होता तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून बोलणं ऐकूच येत नव्हतं. अलार्मचा आवाज, आणि त्या आवाजामागे तोमिएबाई, "या... या हो लवकर..."

त्याची व्हॅन पांढरी, छोटी, त्या भागात कामावर जाणाऱ्या प्रत्येकाकडे असते तशीच. धरणाच्या कडेने ती पळवत तो हागिवारांच्या अंगणात पोचला. शेजारचे सगळे पडदे सरकलेले होते. अंगणात चंदेरी गाडी दिवे उघडझाप करत किंचाळत होती, टायमर केव्हाच संपायला हवा होता तरी इंजिन चालू होतं, आणि तोमिएबाई एका हातात कागदी कंदील धरून दुसऱ्या हाताने शेजारच्या सीटचं दार ओढत होत्या. घाईत नेगिशीने आपल्या व्हॅनचं दार लावलंही नाही, तसाच धावला.

"उघडा! आधी उघडा!" बाई ओरडल्या.

सवयीने त्यांनी रिमोट दाबला होता, आणि घाबरून तो कुठेतरी टाकला होता. नेगिशीने पायरीखाली चाचपून तो शोधला. उठता उठता त्याचं लक्ष गाडीच्या काचांकडे गेलं. ऑगस्टच्या उकाड्यात त्या आतून धुरकटल्या होत्या. आणि गाडी हलत होती. इंजिनाची थरथर नव्हे ती. डाव्या बाजूला झुकायची, सावरायची, पुन्हा झुकायची. आत कुणीतरी खांद्याने दाराला धक्के देत असलं तरच गाडी अशी हलते.

त्याने बटण दाबलं. लॉक खटकन उघडली, अलार्म थांबला आणि त्याच क्षणी इंजिनही थांबलं. एकदम एवढी शांतता झाली की कंदिलातल्या मेणबत्तीची तडतड ऐकू आली.

बाईंनी दार उघडलं. आतून ओल्या चिखलाचा, कुजलेल्या पाणवनस्पतींचा वास आला. सीट रिकामी होती. सीटबेल्ट पूर्ण बाहेर खेचला जाऊन लोंबत होता, आणि दाराचा आतला हँडल मुळापासून तुटून पायाशी पडला होता.

"कोहेई," बाई हळूच म्हणाल्या. "चल रे. पोचलो आपण."

कुणी आलं नाही. नेगिशी उगाच काहीतरी करायचं म्हणून डॅशबोर्डवरच्या बारीक दिव्याकडे बघत राहिला. अलार्म कशामुळे वाजला ते तो दिवा लुकलुकून सांगतो. दार उघडलं तर एक तऱ्हा, काच फुटली तर दुसरी. आता तो सांगत होता, आत हालचाल झाली.

"नेगिशीसान," तोमिएबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "लॉक झाली होती ना दारं?"

"...हो."

"इंजिन चालू असताना."

"हागिवारासान, मला वाटलं... चोरीची भीती..."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कंदील घेऊन आत गेल्या. देवघरासमोर नूडल्सचा वाडगा आणि तळलेली वांगी मांडलेली होती. जरा वेळाने त्या पुन्हा दारात आल्या. "आला नाही घरात," त्या म्हणाल्या. "वर्षात तीन दिवस मिळतात हो मला. आणि त्याला पुन्हा कोंडलं आपण." मग त्या पायरीवरच बसल्या आणि तोंड न लपवता, लहान मुलासारख्या रडल्या. नेगिशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने तिथेच, टॉर्च दातात धरून, ती वायर तोडली आणि काम बाईंनी सांगितलं होतं तसं केलं. आता त्याचा काय उपयोग, हे दोघांनाही माहीत होतं. तरी निघताना बाईंनी कमरेत वाकून आभार मानले. ते आभार त्याला कुठे ठेवावेत कळेना. त्याच्या व्हॅनचं दार अजून तसंच सताड उघडं होतं. तो आत बसला, दार ओढलं, आणि निघाला.

धरणाचा रस्ता लागला तेव्हा उजेड जवळजवळ संपला होता. पाणी खाली काळंशार, एकही लाट नसलेलं. पहिल्या वळणावर त्याला तो वास आला. हाताला लागला असेल गाडीतून, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वळणावर समोरची काच धुरकटली. त्याने बाहीने पुसली. ती पुन्हा धुरकटली. शेजारच्या सीटकडे बघायचं नाही असं त्याने कधी ठरवलं ते त्यालाही आठवलं नसतं, पण घर येईपर्यंत त्याची मान डावीकडे वळली नाही.

अंगणात फुमिएने पितरांसाठी वाळक्या काड्यांची छोटी शेकोटी पेटवली होती. तिच्याकडे बघून नेगिशीला धीर आला. त्याने गाडी उभी केली आणि चावी काढली.

इंजिन चालूच राहिलं.

चावी त्याच्या तळहातावर होती. या डबड्याला टर्बो नव्हता. टायमर नव्हता. त्याने दाराचा हँडल ओढला. दार उघडलं नाही. खटका खाली गेलेला होता. त्याने तो वर ओढला, बोट काढलं, आणि खटका सावकाश पुन्हा खाली बसला. मग पलीकडचाही बसला, तसाच सावकाश. आयुष्यभर गाड्यांच्या वायरी ओढलेल्या माणसाला एवढं नक्की माहीत होतं की या दारांत वायरच नाही. आत नुसती लोखंडी सळई आहे, आणि ती कुणीतरी हाताने दाबल्याशिवाय हलत नाही.

फुमिए काचेशी आली. "अहो, उतरताय ना?" तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा लांबून आला. त्याने काचेवर हात आपटला. तिला वाटलं तो हात हलवतोय. ती हसली आणि शेकोटीकडे वळली.

पायांना गार लागलं. घोट्यापर्यंत, मग नडगीपर्यंत. खाली बघायची त्याची छाती झाली नाही. छातीत श्वास मावेना. असं असतं तर हे, त्याच्या मनात आलं. दार समोर असतं, हँडल हातात असतो, पलीकडे माणसं असतात...

"कोहेई," तो कसाबसा बोलला. "चुकलं माझं. तुझी आई नीट सांगत होती. मीच शहाणा. जा रे घरी... ती वाट बघतेय. नूडल्स... लगदा होतील."

इंजिन चालत राहिलं. घाट चढून आलेली गाडी निवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते चालत राहिलं. मग थांबलं. दोन्ही खटके एकदम वर आले.

नेगिशी दारातून अक्षरशः खाली पडला. विजार कोरडी होती. फुमिए धावत आली, आणि घरातला फोन वाजायला लागला.

"तुम्ही बसा, मी घेते," ती म्हणाली. आतून तिची हाक आली, "हागिवारासानांचा आहे हो. तुम्हालाच बोलवतायत."

त्याने रिसीव्हर कानाला लावला.

"नेगिशीसान!" तोमिएबाईंचा आवाज इतका खुललेला होता की त्याला आधी ओळखूच आला नाही. "आला हो! आत्ताच आला. पार भिजलाय, पण आला. जेवायला बसलाय. तुम्ही सोडलंत म्हणे."

नेगिशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरं झालं," तो म्हणाला. "फार बरं झालं, हागिवारासान."

"किती उपकार मानू! आणि सोळाला, बोन संपताना, त्याला परत पोचवायचं ना, तर तो म्हणतो, आपल्या गाडीने नको. तुमच्याच व्हॅनने जाईन. याल ना?"

"...येईन."

पलीकडे बाई रिसीव्हर बाजूला धरून कुणाशी तरी बोलल्या. "काय रे? ... हो, सांगते." मग पुन्हा फोनवर आल्या, मायेने, थोड्या ओशाळल्यासारख्या. "हट्टी आहे हो अजून. म्हणतोय, जाताना गाडी मीच चालवणार. तुम्ही आपले शेजारी बसा."

फोन ठेवून नेगिशी तिथेच उभा राहिला. काय म्हणत होत्या, असं फुमिएने दोनदा विचारलं.

"सोळाला संध्याकाळी मला बाहेर जायचंय," तो म्हणाला.