प्रतीक्षा यादीत पहिली

बॅरिस्टर व्हायचं तर कायदा यावा लागतो आणि जेवता यावं लागतं. लंडनमधल्या आमच्या वकील-संस्थेच्या सभागृहातली ठरावीक जेवणं चुकवून चालत नाही. बसायचं चौघाचौघांनी, आणि बोलायचं फक्त आपल्या चौघांत. त्या दिवशी आमच्यातले दोघे घोड्यांवर बोलू लागले. उरलो मी आणि इव्हान प्रॉसर.

"कितवं वर्ष?" त्याने विचारलं.

"पाचवं. शेवटचं."

माझं कोणी वारल्यासारखी त्याने मान खाली घातली. परीक्षेनंतर पाच वर्षांत एखाद्या चेंबरमध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या कचेरीत, शिकाऊ उमेदवारी मिळाली नाही, तर ती परीक्षा भिंतीवर लावण्यापुरती उरते.

मग त्याने स्वतःचा अर्ज दाखवला. 'मला लहानपणापासून न्यायाची ओढ आहे...'

"हे खोड."

"का गं? खरं आहे ते!"

"तीनशे जणांना हीच ओढ आहे. तू केलंस काय?"

"काही नाही. कार्डिफला शेजारच्या मिसेस पॉवेलचं छप्पर गळायचं. घरमालकाविरुद्ध तिच्या बाजूने बोललो — तीनदा हरलो."

"आणि मग?"

"चौथ्यांदा गेलो, तेव्हा छप्पर दुरुस्त झालं."

"अरे गाढवा, हे लिही!"

"शिव्या द्यायला तरी... रोज भेटशील?"

भेटले. वाचनालयामागच्या कॅफेत, वाफेने धुरकटलेल्या काचेपाशी, मी त्याची विशेषणं कापायची आणि त्याने उसासे टाकायचे. एकदा त्याने माझा अर्ज वाचला — बराच वेळ. "हेस्टर, यात तू कुठेच नाहीस. नुसती बक्षिसं आहेत," म्हणाला, आणि माझ्या मनगटावरची शाई अंगठ्याने पुसली. अर्ज मी बदलला नाही. सगळा वेळ त्याच्या अर्जात गेला.

मला हवं असलेलं चेंबर त्यालाही मीच सुचवलं. जागा एकच होती. प्रेमात माणूस असले सल्ले देतो.

मे महिन्यात सगळ्यांचे निकाल एकाच सकाळी, नऊच्या ठोक्याला येतात. त्याला जागा मिळाली. मी प्रतीक्षा यादीत पहिली.

"मी त्यांना नकार कळवतो," तो म्हणाला. "म्हणजे तुला मिळेल. माझी अजून चार वर्षं आहेत."

"वेडा आहेस का? नको."

उत्तराला सात दिवस होते. सहाव्या दिवशी बागेत त्याने पुन्हा विचारलं, हळूच. "नक्की... नको?"

"नको म्हटलं ना."

तो तिसऱ्यांदा विचारेल, असं मला वाटलं होतं.

सातव्या दिवशी, त्याच बागेत, त्याने होकार कळवला आणि लगेच माझा हात धरला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, हेस्टर."

"माझंही," मी म्हटलं. ते खरं होतं.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. तो आनंदाने ओरडत गवतावर फेऱ्या मारू लागला, आणि मी त्याचा कोट धरून उभी राहिले.