खो कोणी दिला

अंतिम सामन्याच्या दिवशी मी पहाटेच उठले. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. विभागीय आंतरमहाविद्यालयीन खो-खो अजिंक्यपद स्पर्धा सातपूरच्या एका महाविद्यालयात भरली होती, आणि त्यांच्याच वसतिगृहात आमच्या कळवणच्या संघाची सोय केलेली होती. नळाचे पाणी बोटांना झोंबत होते. खिडकीबाहेर औद्योगिक वसाहतीचे दिवे धुक्यात पुसट झाले होते. पहिल्या पाळीचा भोंगा झाला, कामगारांच्या मोटारसायकली फाटकावरून गेल्या, आणि मुली एकेक करून उठू लागल्या. कोणी वेणी घट्ट बांधत होती, कोणी घोट्याला पट्टी गुंडाळत होती.

खाणावळीत पोहे आणि चहा आला. पोह्यांवर लिंबू नव्हते.

"दादा, लिंबू काय सेमीफायनललाच हरलं का?" मीनाने आचाऱ्याला विचारले. सगळ्या हसल्या. आमचे महाविद्यालय या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच पोहोचले होते, त्यामुळे त्या सकाळी कोणीही काहीही बोलले तरी हसू येत होते.

हर्षाली भिंतीपाशी उभी राहून पोहे खात होती.

"बस ना गं," मी म्हटले.

"असू द्या मॅडम."

"रात्रीपासून अशीच हाय ती," रोशनी हळूच म्हणाली. रोशनी आमची कर्णधार, सुरगाण्याकडची. "झोपली पण नाय. खिडकीला टेकून उभी होती."

मी हर्षालीला बाजूला घेतले. आदल्या दिवशीच्या धावपळीने मांडीचे स्नायू आखडले असतील, अशी माझी समजूत होती. मी खुर्ची पुढे ओढली, तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला हलकेच खाली दाबले. ती वाकली. खुर्चीला टेकण्याआधीच ती झटकन सरळ झाली.

"दुखतंय का?"

"दुखत नाय, मॅडम." तिने आवाज खाली आणला. "बसायला गेलं, की कोणाच्या तरी अंगावर बसल्यासारखं होतंय."

स्पर्धेसाठी आलेल्या फिजिओथेरपिस्टने तिला तपासले. गुडघे, कंबर, पाठ सगळे व्यवस्थित होते. "टेन्शन असेल," तो म्हणाला. मलाही ते पटले, कारण दुसरे काही पटवून घेण्याजोगे नव्हते.

आदल्या दिवशी जे घडले ते इथे सांगायला हवे. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ मुली मधल्या रेषेवर, आखलेल्या चौकोनांत, एकआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसतात. नववी उभी असते आणि पळणारीच्या मागे धावते. तिला मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणारी पलीकडे गेली, की तिकडे तोंड करून बसलेल्या सोबतिणीच्या पाठीवर थाप मारायची, 'खो' म्हणायचे. ती उठते आणि देणारी तिच्या जागी बसते. खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही, आणि खो दिल्याशिवाय बसायचे नाही. सगळा खेळ एवढाच आहे.

उपांत्य सामन्याच्या अगदी अखेरीस एक गडी बाद व्हायला हवा होता. पाठलाग रोशनी करत होती आणि ती लांब खांबापाशी होती. हर्षाली मधल्या चौकोनात बसलेली होती. त्या दोघींमध्ये जवळजवळ अर्धे मैदान होते. तरीही हर्षाली उठली, दोन ढांगांत पळणारीला गाठले, आणि शिट्टी झाली. आम्ही जिंकलो. खो न मिळता उठल्याबद्दल पंच फाउल देतील, या भीतीने मी श्वास रोखला होता. खंडेराव सरांनी हात वर केला नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी त्यांना मुद्दाम विचारले. पंच म्हणून त्यांचा लौकिक मोठा आहे.

"खो दिला की नीट," ते म्हणाले. "तुमच्या त्या बुटक्या मुलीने. लगेच खालीही बसली. चांगली शिस्त आहे."

आमच्या संघात बुटकी मुलगी नाही. हे मी त्यांना सांगितले नाही. आम्ही जिंकलो होतो.

न्याहारीच्या वेळी मीनाने ते सहज बोलून टाकले. "मॅडम, हिला खो मिळाला ना काल? आता कोणाला तरी दिल्याशिवाय कशी बसंल ती?"

या वेळीही मुली हसल्या, पण ते हसू लवकर थांबले.

मी हर्षालीला राखीव ठेवायचे ठरवले होते. ती माझ्यामागे मैदानापर्यंत आली. "मॅडम, मला सुरुवातीला उभी ठेवा. एक खो देऊन बघते. नायतर माझे पाय जातील." रात्रभर उभे राहिलेल्या मुलीचे डोळे होते ते. मी होकार दिला. तो विश्वासाने दिला नाही. पाठलागाला सुरुवात करणारी मुलगी उभीच असते, इतकाच हिशेब मी केला.

दुपारपर्यंत मैदानाभोवती दाटी झाली. सुट्टी झालेल्या कामगारांनी कुंपणाला सायकली टेकवल्या होत्या. कळवणहून दोन जीपगाड्या भरून माणसे आली होती, आणि त्यांच्यातल्या एकाने संबळ आणला होता. तांबड्या मातीवर पाणी मारून फक्कीच्या रेषा नव्याने आखल्या होत्या. प्रतिस्पर्धी मनमाडचा संघ गेल्या वर्षीचा विजेता. नाणेफेक त्यांनी जिंकली आणि आधी पाठलाग घेतला. आमच्या मुली पळाल्या, चुकवल्या, गिरक्या घेऊन निसटल्या, तरी मनमाडने बरेच गुण घेतले. पाळीची वाट पाहणाऱ्या आमच्या मुली बाजूला बसल्या होत्या. हर्षाली त्यांच्यामागे उभी होती.

मग आमची पाळी आली. हर्षाली खांबापासून सुटली आणि तिने पहिलाच खो मीनाला दिला. मीना उठली. तिच्या रिकाम्या चौकोनाकडे हर्षाली क्षणभर नुसती पाहत राहिली.

ती बसली.

तिचा चेहरा मला कडेवरून दिसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती. माझ्या छातीवरचे ओझे उतरले. मनाचा खेळ होता, मी स्वतःला सांगितले, आणि गळा फाटेस्तोवर ओरडू लागले. गडी बाद होत गेले. संबळ घुमू लागला. खो फिरत राहिला आणि शिट्टी झाली, तेव्हा पाठलागावर पुन्हा मीना होती. गुण जवळजवळ बरोबरीत आले होते.

विश्रांतीत मुली मातीवर पसरल्या. कोणी संत्र्याच्या फोडी वाटत होते. मीनाने फोड घेतली, गुडघे वाकवले आणि ती सरळ झाली. पुन्हा वाकली, पुन्हा सरळ झाली. तिच्या तोंडातली फोड तशीच राहिली.

"मॅडम," ती म्हणाली. 

सगळ्यांनी ते पाहिले. हर्षालीने मान खाली घातली. "मला माहीत नव्हतं गं," ती म्हणाली.

"माझ्याजवळ किती वेळ राहणार हे?" मीनाने विचारले. तिच्या थट्टेचा मागमूस नव्हता.

रोशनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "शेवटच्या डावात तू उभी राहा. पहिल्या झटक्यात देऊन टाक. पुढचं आम्ही बघू."

मधल्या डावात मनमाडने पाठलाग केला आणि आम्ही आठ गुणांनी मागे पडलो. मग शेवटचा डाव सुरू झाला. मी पंचवीस वर्षे हा खेळ शिकवते आहे. तसा खो-खो मी त्याआधी पाहिला नव्हता. मीनाने सुटताच खो दिला. जिला मिळाला तिने दोन पावलांत पुढे दिला. कोणीही तो स्वतःजवळ ठेवायला तयार नव्हते. थाप, खो, थाप, खो. रेषेवरच्या मुली एकामागून एक उसळत होत्या आणि मनमाडच्या मुलींना वळायला सवड मिळत नव्हती. प्रेक्षकांना वाटले, हा सराव आहे, हे डावपेच आहेत. कुंपणापलीकडे माणसे सायकलींच्या कॅरिअरवर उभी राहिली. "अरे, काय खेळतायत!" कोणीतरी ओरडले. माझ्याही अंगावर काटा आला होता. तो आनंदाचा होता, हे मी नाकारणार नाही. मुलींचे चेहरे पाहत होते तरीही तो आनंदाचाच होता.

मनमाडची तिघींची पहिली तुकडी बाद झाली. दुसरीही झाली, तिसरीतल्याही दोघी गेल्या. आठ गुण फिटले. बरोबरी झाली.

मैदानात मनमाडची कर्णधार उरली. रोशनी तिच्यामागे होती. वेळ संपत आल्याचा इशारा झाला.

मनमाडची कर्णधार मधली रेषा ओलांडून पलीकडे गेली.

पलीकडे तोंड करून, अगदी नेमक्या चौकोनात, हर्षाली बसली होती. तिची पाठ रोशनीसमोर होती. एक थाप पुरेशी होती. हर्षाली उठली असती, हात लांबवला असता, आणि चषक आमचा झाला असता.

रोशनीने हात उचलला.

हर्षालीचे खांदे आक्रसले. तिने मागे पाहिले नाही.

रोशनीचा हात हवेत थांबला. मग तिने तो मागे घेतला आणि ती खांबाकडे धावत सुटली. लांबचा रस्ता. मैदानभर हळहळ उठली. मी ओरडले नाही. तिने खांबाला वळसा घातला, पलीकडच्या बाजूला आली आणि सगळे अंग झोकून सूर मारला.

तिची बोटे टाचेला लागली. शिट्टी झाली.

खंडेराव सरांनी हात वर केला. बाद.

नंतरचा गोंधळ मला तुकड्यांनीच आठवतो. संबळ, गुलाल, जीपचे हॉर्न. मुली एकमेकींवर कोसळल्या, मातीत लोळल्या, रडल्या. रोशनी सूर मारून पडली होती ती केव्हाच उठली होती. जणू कोणीतरी तिला उचलून उभे केले होते. ढिगाऱ्याच्या मधोमध ती एकटी उभी होती आणि चषक डोक्यावर धरून हसत होती.

बक्षीस समारंभ संपला. मंडप सोडवायला माणसे आली. ऊन उतरले होते. मी रोशनीला मैदानाच्या मध्यावर बोलावले आणि फक्कीच्या एका चौकोनात, तिच्याकडे पाठ करून बसले.

"हे काय, मॅडम?"

"दे."

"नाय. मी घेतलंय ते मी बघीन."

"तू एकोणीस वर्षांची आहेस. पुढच्या महिन्यात तुझं विद्यापीठाचं शिबिर आहे."

"आणि तुमचे गुडघे? जिना चढताना कुरकुरता तुम्ही."

"मग त्यांना सवय आहे. रोशनी, मी तुझी प्रशिक्षक आहे. खो दे."

 मंडपाच्या कनाती गुंडाळल्याचा आवाज येत होता. मग माझ्यामागे मातीवर पावले वाजली.

रोशनीचा तळवा माझ्या दोन खांद्यांच्या मध्ये लागला. उबदार होता, घामेजलेला. त्याच वेळी, बराच खाली, कमरेपाशी, आणखी एक लागला. लहान.

मी उठले. रोशनी माझ्या जागी बसली, पाय पसरले, आणि बसल्या बसल्याच तिला झोप लागली.

या गोष्टीला आता वर्ष होईल. रोशनी विद्यापीठाकडून खेळते. मी तासाला उभी असते, शिक्षक तसेही उभेच असतात. रात्री भिंतीला पाठ लावून डोळे मिटते. पाय सुजतात. कोणाला द्यायचा असता, तर केव्हाच देता आला असता.

सराव मी रोज संध्याकाळी घेते. नव्या मुली रेषेवर बसतात आणि मी त्यांच्यामागून फेरी मारते. मी जवळून जाते, तेव्हा माझ्याकडे पाठ केलेली मुलगी न सांगता टाचा उचलते, उठायच्या तयारीत. प्रत्येक वेळी. मी दोन्ही हात माझ्या पाठीशी एकमेकांत घट्ट अडकवते आणि पुढच्या मुलीकडे जाते.