पडवीच्या खांबावरची रेघ

झोपा म्हटलं तर झोपणार नाही तुम्ही, मला माहीत आहे. पहाटे पाचला भोरातून निघायचं, तोरणा चढायचा, आणि साडेनऊ वाजून गेले तरी दोघं त्या चकचकीत काठ्यांशी खेळत बसलाय. सौमित्र, आण ती इकडं. हं. वजनाला हलकी आहे, मान्य. पिळली की लांब होते, तेही मान्य. पण तू एवढा ताडमाड, ही श्रावणी तुझ्या खांद्याला लागते, आणि दोघांच्या काठ्या एकाच मापाला? मोजून कुणी दिल्या? कुणीच नाही ना? मग बसा जरा.

तोरण्यावर मुक्काम केलेल्यांच्या गोष्टी तुम्ही मोबाईलवर पाहिल्या असतीलच. ही त्यातली नाही. सुगी झाली की आपल्याकडं तांदूळ घेऊन येतो तो गोरख, त्याच्यावर गुदरलेली आहे. याच ओट्यावर बसून त्यानं मला सांगितली. पदरचं काही घालत नाही. उलट मला जे पटत नाही ते मी सोडूनच देणार आहे.

गोरखचं घर वेल्ह्याच्या बाजूला, गडाच्या पायथ्याला, वाडीतलं शेवटचं. गडाची वाट त्याच्या अंगणाला लागूनच वर जाते. घरात तो आणि त्याची चुलती साळूबाई. चुलता चिमाजी, त्यांना सगळे नाना म्हणायचे. गडावर जाणाऱ्याला काठी द्यायची, हे नानांचं काम.

काठी मागायला गेलं की नाना आधी काठीकडं बघायचेच नाहीत. माणसाकडं बघायचे. हातातली काठी जमिनीवर दोनदा आपटायचे, ठक ठक, आणि तीन प्रश्न विचारायचे. चढ का उतार? वलं का कोरडं? येकटं का दुकटं?

चढायला काठी कोपराइतकी, उतरायला चार बोटं जास्त. भाताच्या खाचरांतून जायचं तर टोकाच्या वर लाकडी चकती, म्हणजे चिखलात रुतत नाही. गवताळ मातीच्या वाटेला लोखंडी टोक. तेच टोक उघड्या कातळावर घसरतं, म्हणून तिथं टायरचा तुकडा ठोकलेली. ओढा ओलांडायचा तर डोक्याएवढा भरीव बांबू. पानशेतच्या पाण्याकडेनं रमतगमत फिरणाऱ्यांना कसलीही चालते म्हणायचे, त्यांना ती फोटोपुरतीच लागते. एकानं विचारलं, नाना, शेवाळावर कुठली? तर म्हणाले, ‘‘शेवाळाव काठी न्हाई. तितं बूड टेकायचं.’’

आणि दुकटी म्हणजे दोघांत एक. चांगली सहा हात लांब. पुढच्यानं एक टोक धरायचं, मागच्यानं दुसरं. मागचा घसरला तर पुढचा सावरतो.

माप घ्यायची त्यांची रीत वेगळीच होती. पडवीच्या खांबाला पाठ लावून माणसाला उभं करायचे, हात कोपरात वाकवायला लावायचे आणि कोपराशी कोळशानं रेघ मारायचे. शेजारी टिंब. एकट्याला एक, दुकट्याला दोन. माणूस गडावरून परत आला की ज्याची रेघ त्यानंच अंगठ्यानं पुसायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. रात्री खांबावर रेघ शिल्लक दिसली, की नाना कंदील घेऊन वर निघायचे.

नाना गेले ते माघात. त्यांची स्वतःची लांब काठी होती, ती साळूबाईनं त्यांच्याबरोबर सरणावर ठेवायला लावली.

गोरख वाईट माणूस नाही. जरा नव्या वाऱ्याचा, एवढंच. त्यानं पुण्यातून या तुमच्यासारख्या बारा काठ्या आणल्या आणि पडवीत बारा खिळ्यांना टांगल्या. बाराही एकाच मापाला पिळलेल्या. बांबूच्या काठ्या माळ्यावर गेल्या. खांब धुऊन त्याला पांढरा तेलरंग दिला. मोजणंही बंद. साळूबाई एकदा म्हणाली, ‘‘तीन परश्न तरी इचारीत जा रं.’’ तर हसून म्हणाला, ‘‘नानी, लोकं घाईत अस्त्यात.’’

दोन हजार चोवीस साल. एकवीस सप्टेंबर, शनिवार. पितृपंधरवडा चालू. पाऊस ओसरला होता पण कातळ अजून पाझरत होता. दुपारी साडेबाराला पुण्याहून एक मुलगी स्कूटरवर आली. प्रेरणा नाव, तिशीच्या आतली, एकटीच. गोरख मोबाईलवर बोलत होता. तिनं काठी मागितली. त्यानं बोलता बोलताच खिळ्याकडं हात केला. तिनं एक काढली, पट्टा मनगटात अडकवला आणि गेली. त्यानं ना चढ विचारला, ना उतार.

रात्री आठला जेवून उठला आणि सहज खिळ्यांकडं बघितलं. अकरा काठ्या. अंगणात स्कूटर.

आधी त्याला काठीचाच राग आला. लोक काठ्या वर टाकून येतात, असं काहीतरी पुटपुटला. मग स्कूटरकडं पुन्हा बघितलं. ती एकटी पोर. ओला कातळ. आणि आपण तिला काही विचारलंसुद्धा नाही. शेजारच्या ज्ञानूला हाक मारली, ‘‘पोरं गोळा कर, दोर घिऊन मागनं या, मी व्हतो फुडं.’’ बॅटरी घेतली. खिळ्यावरची पहिली हाताला लागली ती काठी घेतली.

साळूबाई उंबऱ्यात बसली होती. ती एवढंच म्हणाली, ‘‘रेघ हाय अजून खांबाव. बाई वरच हाय. जा.’’

म्हातारीला काय सुचतंय, असं मनात म्हणून तो निघाला. खांबाकडं त्यानं वळूनही बघितलं नाही.

डोंगराची पहिली धार तो झपाझप चढला. ‘‘ताई! ओ ताई!’’ अशा हाका मारत. उत्तर नाही. नऊच्या सुमाराला चंद्र वर आला खरा, पण त्याच्या आधीच धुकं उतरलं. बॅटरीचा उजेड दोन हातांवर भिंत होऊन उभा राहायला लागला. त्याच्या काठीचा आवाज येत होता, टिक... टिक... असा, पातळ. या काठ्यांचा आवाज तसाच असतो.

आणि मागून दुसरा आला.

ठक.

जड. बांबूचा. त्याला वाटलं, ज्ञानू आला. थांबला. ‘‘ज्ञानू?’’

काही नाही.

चार पावलं गेला. ठक. परत थांबला. मागचा आवाजही थांबला... पण एक ठोका उशिरा.

गोरख मला म्हणाला, काका, वाडीतली एकूण एक बांबूची काठी मीच माळ्यावर टाकलेली. मग ही कुणाची? त्या क्षणी खाली पळावं असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. भ्यालो असं त्यानं सरळ सांगितलं. पण वर ती मुलगी होती, आणि ती त्याच्यामुळं होती.

तो वर गेला.

वाटेवर धरायला लोखंडी रेलिंग लावलंय, त्याच्या खालचा कातळ आला. पाणी झिरपत होतं. त्यानं काठी टेकली, भार टाकला. पिळलेला जोड सुटला. काठी आतल्या आत गेली. कर्र करून. गोरख घसरला. दहा-बारा हात. पाठीवर. बॅटरी गेली खडखडत खाली. पाय कुठल्याशा झुडपाला अडकले आणि तो थांबला.

अंधार. धुकं. पायाखाली काय आहे, कळत नाही. हललो तर जाऊ, एवढंच कळत होतं.

वर, अगदी डोक्याशी...

ठक ठक.

दोनदा. जमिनीवर आपटल्यासारखं.

मग आवाज. मोठा नाही. घाईचाही नाही.

‘‘चढ का उतार?’’

आवाज कुणाचा, ते विचारायची गरजच नव्हती. बारा वर्षं रोज सकाळी ऐकलेला.

‘‘उ... उतार.’’

‘‘वलं का कोरडं?’’

‘‘वलं.’’

‘‘येकटं का दुकटं?’’

‘‘येकटं,’’ गोरख म्हणाला.



झिरपणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

‘‘येकटं... का दुकटं?’’

परत तेच. तसंच. नानांनी हयातीत कधी प्रश्न दोनदा विचारला नव्हता. चुकीचं उत्तर दिलं तर नुसते बघत राहायचे, माणूस स्वतःच सुधारेपर्यंत. गोरखनं श्वास रोखला. ऐकलं. पाणी... पाणी... आणि पाण्याच्या मागं, डाव्या हाताला, अगदी जवळ... कुणीतरी कण्हत होतं.

‘‘दुकटं!’’ तो ओरडला. ‘‘नाना, दुकटं!’’

त्याच्या हातात काठी आली. कुणी दिली, कशी दिली, त्याला सांगता येत नाही. गार, भरीव, लांब. तिच्या आधारानं तो सरकत सरकत डावीकडं गेला, आणि तीन हातांवर त्याचा हात कापडाला लागला. प्रेरणा.

शुद्धीवर होती. उतरताना काठीचं टोक चिरेत अडकलं, पट्टा मनगटातच, काठी सुटेना, तोल गेला. उजवा हात मोडला होता. चष्मा गेला, मोबाईल गेला. संध्याकाळपासून ती त्या कपारीत बसून होती, हलायची भीती म्हणून. गोरखला रडूच आलं. ‘‘ताई, माजं चुकलं,’’ एवढंच म्हणत राहिला. तिला बिचारीला कळेना, याचं काय चुकलं.

मग तो पुढं, ती मागं. मध्ये काठी. तिनं डाव्या हातानं टोक धरलं.

पाऊल. थांब. पाऊल. थांब.

टेकायला मोकळी काठी कुणाकडंच नव्हती. एकच होती, ती दोघांच्या हातांत. तरी मागून येत होतं.

ठक... ठक... ठक...

अर्ध्या वाटेत ती म्हणाली, ‘‘दादा, तुमच्याबरोबरचे ते काका मागून येतायत ना नीट? म्हातारे वाटतात.’’

गोरख जागीच थांबला. ‘‘तुमाला दिसत्यात काय त्ये?’’

‘‘चष्मा नाही ना. दिसत नाही. पण मी घसरले की पाठीला हात लावतात.’’

गोरखनं काठीवरची पकड घट्ट केली.

‘‘येत्यात,’’ म्हणाला. ‘‘तुमी मागं बघू नका.’’

खाली बॅटऱ्या दिसल्या. ज्ञानू आणि पोरं. गलका, धावाधाव, दोघांनी तिला उचललं, जीपमध्ये घातलं. गोरखनं लांब काठी जीपला टेकवून ठेवली, आणि वळून बघतो तर काठी नाही. मी हे सोडून देतो. अंधार, गर्दी, कुणीही उचलली असेल. आवाजाचंही सोडतो. घाबरलेला माणूस, मनात खंत, नानांच्या आठवणी. पाठीवरच्या हाताचंही... हो, तेही सोडतो. हात मोडलेल्या माणसाला कळांमध्ये काहीही वाटतं.

पण पुढचं ऐका.

तिला दवाखान्यात पोचवून गोरख उजाडताना घरी आला. पडवीत साळूबाई तशीच बसलेली. आणि त्या पांढऱ्या खांबावर रेघ. काळी, आडवी, ताजी. शेजारी दोन टिंबं.

‘‘नानी, ही कुनी मारली?’’

‘‘तूच की,’’ साळूबाई म्हणाली. ‘‘काल दुपारच्याला म्या बघितली, ती बाई गेल्याव. म्हनलं बरं जालं, परत मोजाय लागला.’’

गोरखनं रेघ जवळून बघितली. त्यानं मोजलं नव्हतं. ती मुलगी खांबाजवळ फिरकलीही नव्हती. आणि ती वर निघाली तेव्हा एकटी होती. मग दुपारीच दोन टिंबं कशाला?

रेघेला त्यानं हात लावला नाही. रीत होती ना, ज्याची त्यानंच पुसायची. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. खांबाला येता-जाता पदर लागायचा, पाहुण्यांची पोरं खेळायची, रेघ तशीच.

डिसेंबरात हाताचं प्लॅस्टर निघाल्यावर प्रेरणा पेढे घेऊन आली. गोरखनं तिला काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, ‘‘ताई, जरा खांबाला पाठ लावून हुबं ऱ्हावा. हात वाकवा.’’ ती हसत उभी राहिली.

रेघ बरोब्बर कोपराला लागली. केसभर इकडं नाही, तिकडं नाही.

साळूबाईनं बघितलं. डोळ्याला पदर लावला. म्हणाली, ‘‘पूस बाई आता. आलीस न्हवं परत.’’

प्रेरणानं अंगठा फिरवला आणि रेघ गेली. अंगठा काळा झाला. तिनं नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाली, कोळसा आहे.

त्या घरात गॅस येऊन सहा वर्षं झालीत. नाना गेल्यावर कोळशाचं शेवटचं घमेलं साळूबाईनं स्वतःच्या हातानं ओढ्यात टाकलं होतं.