निरोपाची रीत

नंदाताई दृष्टबिष्ट मानणाऱ्यातल्या नव्हत्या. पण परदेशातल्या वुडलँड्स वस्तीत, एका ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या युवा केंद्रात त्यांचा एक हट्ट चालायचा: निघताना कुणी ‘गो’ म्हणायचं नाही. निघणाऱ्यानं म्हणायचं ‘येते’, आणि निरोप देणाऱ्यानं ‘ये हं’. जहाजावर इंजिनियर असलेल्या नवऱ्याला त्यांनी वीस वर्षं असाच निरोप दिला होता, आणि तो दर खेपेला धडधाकट परतला होता. केंद्रातली मुलंही तिथल्या मोडक्या इंग्रजीत हसत ओरडायची, “आंटी, आय कम, लाह!”

रुकय्या हसायची नाही. दहा वर्षांची पोर. तिच्या देशातल्या युद्धात बंदूकवाल्यांनी तिला घरातून उचलून नेलं, तेव्हा उंबऱ्यावर नुसत्या तिच्या चपला राहिल्या होत्या. आठ महिन्यांनी सुटली आणि इथे मावशीकडे आली. जानेवारीत शाळा सुरू व्हायची होती, पण दाराकडे पाठ करून बसायची तिची अजून छाती होत नव्हती. तिला तेवढं जमावं, हाच नंदाताईंचा ध्यास होता.

केंद्राची पद्धत साधी होती. भीतीचं चित्र काढायचं, डब्यात ठेवायचं आणि मुलानं स्वतः त्याला निरोप द्यायचा. रुकय्यानं मातीचा रस्ता काढला, लांबवर ट्रक, ट्रकपाशी काडीएवढा माणूस. पायात बूट. डब्याशी तोंड नेऊन ती काहीतरी कुजबुजली. नंदाताईंनी झाकणाला चिकटपट्टी लावून वर सही केली. त्यांना फार बरं वाटलं.

पुढच्या बुधवारी सही जशीच्या तशी होती. चित्रातला माणूस मात्र ट्रकपेक्षा मोठा दिसत होता. गेल्या वेळी आपणच नीट पाहिलं नसेल, असं म्हणून त्यांनी रुकय्याला पुन्हा निरोप द्यायला लावला आणि डबा बंद केला. त्या दिवशी खोलीत डिझेलचा वास येत होता.

तिसऱ्या बुधवारी, लख्ख उन्हाच्या चार वाजता, त्यांनी पट्टी काढली. रस्ता होता. ट्रक होता. माणूस नव्हता.

“रुकय्या, तू त्याला काय सांगतेस गं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“आंटी टीच मी. नेव्हर से गो,” ती हळूच म्हणाली. “आय से, कम.”

नंदाताईंनी डब्याचं झाकण झटकन लावलं.

वास आता दाराकडून येत होता. त्या उठून दारात गेल्या. खोलीला तेवढं एकच दार. बाहेर चपलांच्या रॅकवर रुकय्याच्या पिवळ्या चपला होत्या आणि त्यांना खेटून मोठे बूट. लाल चिखल अजून ओला. रीतभात जाणणाऱ्या पाहुण्यानं काढून ठेवावेत तसे, जोडीनं.

म्हणजे तो आत होता.

दोन्ही हातांनी चौकट धरून, डोळे घट्ट मिटून, नंदाताई आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या, “जा! चालता हो इथून!”

डोळे उघडले. बूट नव्हते.

“गेला गं, रुकय्या!” त्या वळल्या.

खुर्ची रिकामी होती.

रॅकवर पिवळ्या चपला तशाच होत्या.