आईचं गंगावन

मिरजेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ रुबिना तांबोळीनं मृण्मयीनं आणलेली पिशवी उघडली आणि तिला हसूच आलं. "गंगावन! ताई, माझ्या नानीकडे होतं असं. वर्षानुवर्षं गळलेले केस जमवून, वेणीला जोडायला केलेलं."

"माझ्या आईचं आहे," मृण्मयी म्हणाली. "गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा मामानं पाठवलं."

केशवाचक यंत्र आता जिल्ह्याजिल्ह्यांत आलं होतं. केस वाढताना रक्तातल्या घडामोडी त्यात मुरतात. यंत्र त्या वाचून केस कोणत्या साली, माणसाच्या कोणत्या वयात वाढला हेही सांगे. मृण्मयीचा स्वतःचा अहवाल आठवड्यापूर्वीच आला होता. थरथरते हात, छातीतली धडधड, पुढे आलेले डोळे, क्षणात भडकणारं डोकं, सगळ्याचं मूळ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत निघालं. अशाच एका भडक्यात चार महिन्यांपूर्वी तिनं लेकीवर, ईरावर, वाटी भिरकावली होती. तेव्हापासून पुण्याला गेलेली ईरा फोन उचलत नव्हती. दोघींचा स्वयंपाक करायची सवय मात्र मोडत नव्हती. उरलेलं एकटीनं खाताना मृण्मयीला रडू यायचं.

आईही अशीच भांडी फेकायची. मृण्मयी नऊ वर्षांची असताना बाबांनी आईला बेळगावला माहेरी धाडलं. 'डोक्यानं गेली' एवढंच घरात बोललं जाई.

"असं होतं तरी कशानं?" मृण्मयीनं विचारलं.

"शरीराची राखण करणारी प्रतिपिंडंच मेंदूचा निरोप आल्याची बतावणी करतात. मग ग्रंथी रस सोडतच राहते. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं." बोलता बोलता रुबिनानं गंगावनातले केस यंत्रात घातले आणि पडद्याकडे बघून ती थबकली. "आईंना हाच आजार होता. पण ताई, यात दोघींचे केस आहेत. दुसरे लहान मुलीचे."

मृण्मयीनं तोंडावर हात धरला. तिची वेणी घालून झाली की आई फणीतले केस आपल्याच पिशवीत टाकायची.

"आणि हे पुढचे, पांढरे होत गेलेले. यांत आजाराची खूणच नाही. मुलीचे केस संपतात, त्यानंतर दोनच वर्षांत आई औषधानं बऱ्या झाल्या होत्या."

"दोन वर्षांत?" मृण्मयीनं विचारलं. "त्यानंतर तीस वर्षं जगली ती. आम्हाला कोणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही."

बाहेरच्या बाकावर बसून तिनं ईराचा नंबर लावला. आजाराचं आधी सांगावं, की माफी मागावी? आजार खरा होता, पण वाटी तिच्याच हातून सुटली होती. घंटी वाजत राहिली. आपली आई बरी झाली हे कळायला ईरालाही एक दिवस तिचे केसच तपासून घ्यावे लागतील का?