भिंतीपलीकडचं पार्किंग

स्कूटी काढायला मी तळघरात उतरले, तेव्हा भर दुपार होती. बाहेर हिंगोलीचं ऊन रखरखत होतं. खाली मात्र पेट्रोलचा कोंदट वास आणि अंधार, लाईट गेलेली.

आमची इमारत नवी. निम्म्या घरांत चारचाकीच नाही, मग एवढं पार्किंग कशाला, असं बिल्डर गुलाबचंदशेठ म्हणाले होते. अर्धं तळघर भिंत घालून बंद करू, मग अंगणाखालचा तेवढा स्लॅब फोडून आत माती भरू आणि वर झाडं लावू, असा त्यांचा बेत. सगळ्यांना पटला, मलाही. पण महिन्यापूर्वी ती भिंत उभी राहिली आणि त्याच दिवसापासून आमचा वॉचमन सोनाजी दिसेनासा झाला. कामासाठी पुण्याला गेला, असं शेठ सांगत. बायकोलाही न सांगता गेला, हे मला खटकत होतं.

ती बायको, भागूबाई, त्याला शोधत त्यांच्या गावाहून, साखऱ्याहून, आली होती आणि त्या भिंतीला कान लावून बसली होती.

"हळू बोला, ताई," ती म्हणाली. "ते आत हायेत."

मीही कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग फार लांबून आल्यासारखा सोनाजीचा आवाज...

"घ्या मागं... अजून घ्या... बास..."

गाड्या लावून घेताना तो असंच म्हणायचा. पाठोपाठ काहीतरी जड, सावकाश मागे सरकलं. त्या भागाला आता दार नव्हतं.

"कोणाला सांगताहेत ते?" मी विचारलं.

"तेच समजून न्हाई राहिलं..."

वर येऊन मी शेठना फोन लावला. त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाले, मातीचे टिप्पर उद्याच येणार आहेत. एवढी घाई कशाची, ते सांगेनात. मी पोलिसांचं नाव काढलं, तसे ते गवंडी नरसिंगला घेऊन स्वतः हजर झाले. "फोडा," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती शोधत होते मी. ती दिसली नाही, आणि त्यानेच माझा संशय वाढला.

माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं. बॅटरीच्या उजेडात आत रिकामी फरशी दिसली. धुळीवर ना चाकाची खूण, ना पाऊल. भागूबाईने एकदाच हाक मारली, "अहो..." एवढ्या मोकळ्या जागेत तिचा साधा प्रतिध्वनीही उमटला नाही.

शेठ माझ्याकडे बघून काही बोलणार, तोच आत वाकलेला नरसिंग झटकन मागे झाला. त्याने बॅटरी माझ्या हातात दिली.

"म्या ही भिंत बाहेरून बांधली, मॅडम," तो पुटपुटला. "आतून नुसत्या विटा होत्या..."

मी वाकून भिंतीच्या आतल्या बाजूवर उजेड टाकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, गुळगुळीत गिलावा होता. मी हात लावला.

बोटांना ओलं सिमेंट लागलं.